जनरल रजिस्टरातली वयं

वाल्मीक गांगुर्डे सिन्नरकडच्या एका बौद्ध कुटुंबातला पहिला मॅट्रिक. १९७२ साली तो नाशिकच्या सरकारी मूकबधिर शाळेत कारकून म्हणून लागला. एका जागी बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. दोन नोंदी केल्या की उठायचा, वऱ्हांड्यात चक्कर मारायचा, वसतिगृहाकडे वळायचा. वर्गात मुलांना ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवत आणि हातवारे केले की बाई रागावत. वसतिगृहात मात्र मुलं हातांनीच भांडत, हातांनीच एकमेकांची टिंगल करत. तिथं रेंगाळून रेंगाळून वाल्मीक ती भाषा शिकला.

१९७५च्या जूनमध्ये पेठ गावाच्या पलीकडच्या आदिवासी पाड्यावरून मंगळू नावाचा माणूस आपल्या मुलीला घेऊन आला.

"पोरीला आयकू येत नाय साहेब. शाळंत घ्या."

"वय काय हिचं?"

"बारा पावसाळे झाले."

प्रवेशाला दहाच्या आतलं वय लागायचं. वाल्मीक नाही म्हणणार होता. तेवढ्यात ती पोर, भागी, भिंतीवरच्या कॅलेंडरमधलं एक अक्षर टेबलावर बोटानं गिरवू लागली. एकदा गिरवलं, पुसल्यासारखं केलं, पुन्हा गिरवलं. वाल्मीकनं रजिस्टरात वय लिहिलं, नऊ.

एकदा हात वळला की वळतो. पुढच्या सहा वर्षांत अशी अकरा मुलं त्यानं आत घेतली. सगळी पाड्यांवरची, वस्त्यांवरची. खरी वयं मात्र तो एका वहीत वेगळी टिपून ठेवत गेला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

१९८२ सालीही दहावीचा निकाल शून्य लागला. तीन वर्षांत चौदा मुलं बसली, एकही पास झालं नाही. वरून पत्र आलं : प्रत्येक विद्यार्थ्याची जात, गाव, पालकांचा धंदा, दाखल झाला तेव्हाचं वय आणि गुण, असा तक्ता तयार ठेवा, साहेब तपासणीला येत आहेत. आठवी ते दहावी बंद करून नुसतं शिवणकाम आणि सुतारकाम ठेवायचं चाललंय, अशी कुजबुज होतीच.

वाल्मीकनं तक्ता आखला, भरला आणि वरपासून खालपर्यंत वाचून काढला. नाशिकरोडची एक मुलगी नवव्या वर्षी आली होती, तिला मराठीत बत्तीस. भागीही कागदावर नवव्याच वर्षी आलेली, तिला सात. त्याची अकराच्या अकरा मुलं अशीच तळाला. तक्ता सरळ सांगत होता, पाड्यावरच्या पोरांना डोकंच नाही. 'डोकंच नाही' हे वाल्मीकनं लहानपणी स्वतःबद्दल ऐकलं होतं, मास्तरांच्या तोंडून, भरवर्गात.

तो तडक शिवणवर्गात गेला. भागी मशीनवर होती. त्यानं हातांनी विचारलं, "इथं यायच्या आधी आईला तू काय म्हणायचीस?"

भागीनं पाय थांबवला. तिनं हातांनी सांगितलं, "काहीच नाही. माणसांना नावं असतात, वस्तूंना नावं असतात, हे मला इथं आल्यावर कळलं."

बारा वर्षं. वाल्मीक त्या दुपारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर गेला, रामकुंडापासून पुलापर्यंत फेऱ्या मारत राहिला. खरं सांगावं तर नोकरीवर गदा. गप्प राहावं तर ही पोरं मंद ठरणार, तीही त्याच्याच अक्षरात.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तक्त्यावरून बोट फिरवत ते मुख्याध्यापिका सुमनबाईंना म्हणाले, "बाई, वय तेच, शाळा तीच. शहरातल्यांना थोडंफार येतं, आदिवासी मुलांना जमत नाही. मग कशाला छळता त्यांना?"

"साहेब, ती वयं खोटी आहेत," दारातून वाल्मीक म्हणाला. "मी लिहिलीत."

"भाऊसाहेब, बाहेर जा तुम्ही!" सुमनबाई ओरडल्या.

तो गेला नाही. वही उघडून त्यानं साहेबांपुढं ठेवली. "ही खरी वयं. बारा, तेरा, एकजण तर चौदा. पाचव्या-सहाव्या वर्षी आलेली मुलं काठावर आहेत साहेब, दोन-तीन गुणांनी राहिलीत. उशिरा आलेली बुडालीत. डोक्याचा प्रश्न नाही. आपण त्यांच्यापर्यंत भाषा घेऊन वेळेत पोचलो नाही."

साहेबांनी वहीतली वयं तक्त्याशी ताडून पाहिली. मग म्हणाले, "हे मला लिहून द्यावं लागेल तुम्हाला."

त्यानं लिहून दिलं. वर्ग वाचले, तीन वर्षांची मुदत मिळाली. वाल्मीकच्या सेवापुस्तकात लाल शाईचा शेरा पडला आणि त्याची बदली जिल्ह्यातल्याच वणीला झाली. पण किंमत त्यानं एकट्यानं मोजली नाही. अकरातली चार मुलं अजून खालच्या वर्गात होती. वयात बसत नाहीत म्हणून त्यांची नावं कमी झाली.

"मला आधी सांगितलं असतंत, तर काहीतरी वाट काढली असती," निघताना सुमनबाई म्हणाल्या.

भागी पुन्हा परीक्षेला बसली, पुन्हा नापास झाली आणि नाशिकमध्येच द्वारका चौकाजवळच्या एका शिंप्याकडे कामाला लागली. वाल्मीक वणीच्या आठवडे बाजारात भाजीवाल्या बायकांना विचारत हिंडू लागला, "तुमच्याकडं ऐकू न येणारं लेकरू हाय का? लहान असतानाच पाठवा." लोक त्याला चक्रम समजले. तरी चार वर्षांत सात लेकरं त्यानं नाशिकला पोचवली, सहाच्या आतली.

१९८६ला सुमनबाईंचं कार्ड आलं : दहावीला दोघं पास, दोघंही सहाव्या वर्षी आलेले. वाल्मीकनं कार्ड दोनदा वाचलं, खिशात घातलं आणि रजा टाकून पेठच्या एसटीत बसला.

नाव कमी झालेल्या चौघांतली सुला त्याला पाड्याच्या तोंडाशीच दिसली. डोक्यावर लाकडाची मोळी. त्यानं हात उचलून विचारलं, "ओळखलंस?"

तिनं ओळखलं होतं, डोळ्यांवरून कळत होतं. पण तिचे हात मोळीवरच राहिले. ती वळून घरात गेली.

तिची आई लंकाबाई बाहेर आली. "साहेब, नाव फिरून घालाया आले का?"

"नाही बाई. आता नाही घेणार तिला."

"मंग काय काम काढलं?"

वाल्मीक जोत्यावर टेकला, लगेच उठला. शेवटची एसटी साडेचारची होती.

"तिची माफी मागायला आलोय," तो म्हणाला. "आत सांगता का तिला?"

"मी काय सांगनार? तिचं हात मला कुठं कळतेत?" लंकाबाई म्हणाली. "तुमीच सांगा जाऊन."

चपला काढून, वाकून तो आत गेला.