सात मात्रांची शांतता

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत कनकलताबाईंचं भजन दर शनिवारी पाचाच्या ठोक्याला सुरू होई. समईभोवती सहा बायका, मांडीवर तमिळ लिपीत उतरवलेली मराठी पदं. कनकलताबाई ओळ म्हणत, मागच्या ती उचलत. उचलणारा पहिला आवाज शेषम्माचा. शेषम्मा ऐंशीच्या घरातली, सुराला कच्ची, पण ओळ खाली पडू देत नसे. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत बिनचूक टंकलेखन केलेल्या कनकलताबाईंना त्या बेसूरपणाचा राग येई. आजवर त्यांनी तो गिळला होता.

बाईंना एकच घोर होता. आईनं शिकवलेलं रामाचं पद आपल्यामागे म्हणणार कोण? मुलगा सुंदर कोइमतूरला. नातीला मराठी समजे, पण ती उत्तर तमिळमधून देई. त्यामुळे चेन्नईहून नित्या आली, तेव्हा बाईंना देवच पावला. नित्याचा चाळीस जणांचा गायकवृंद होता. तिनं ते पद चार थरांच्या आवाजांत बांधलं. पहिली ओळ बाईंनी एकटीनं म्हणायची, मग सात मात्रा संपूर्ण शांतता, मग सगळे गळे एकदम. भजनातल्या पाचजणीही त्या वृंदात उभ्या राहणार होत्या.

तालमीत बाईंची ओळ संपली आणि शेषम्मानं सवयीनं ती उचलली. नित्या हसली. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा नित्या हसली नाही. मामी, शेषम्मा आजींना पुढच्या रांगेत बसून ऐकू द्यायचं का, असं तिनं बाईंना हळूच विचारलं.

बाईंना नाही म्हणता आलं असतं. निदान शेषम्माला घरी नेऊन गोडीत सांगता आलं असतं. पण पद आता कायमचं टिकणार, या लोभानं त्या आंधळ्या झाल्या होत्या. सगळ्यांदेखत त्यांनी शेषम्माला सांगितलं, "तू उद्यापासून येऊ नको. तुझ्यानं तोंड मिटून राहवत नाही."

शेषम्मानं चष्मा पिशवीत घातला. "ओळ एकटी राहते गं, म्हणून म्हणलें," एवढं बोलून ती गेली.

उरलेल्या चौघींकडून बाईंनी घोटून घेतलं. ओळ संपली की मनात सात मोजायचे, ओठ हलवायचे नाहीत. कार्यक्रमात ती शांतता अशी जमली, की सभागृहातल्या पंख्यांची घरघर ऐकू आली. टाळ्या थांबेनात. नित्या बाईंच्या पाया पडली. नित्यानं पुढच्या रांगेत शेषम्मासाठी राखलेली खुर्ची रिकामी होती, आणि खरं सांगायचं तर बाईंना त्याचं बरंच वाटलं.

पुढच्या शनिवारी बाईंनी समई लावली आणि आईच्या पदाची पहिली ओळ म्हटली. कुणीच उचलली नाही. चौघी ओठ मिटून समईकडे बघत होत्या.

काय झालं, म्हणून बाईंनी विचारलं. धाकट्या अखिलानं वही खाली ठेवली. "आक्का, इथं गप् राहायाचं म्हणून तुम्हीच सांगलांत की."

ते तिकडचं, इथे म्हणायचं, असं बाईंनी समजावलं आणि ओळ पुन्हा म्हटली. आता चौघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. सुरुवात करायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. बाई थांबल्या. सात मात्रा कधीच होऊन गेल्या. मग स्वतःचीच ओळ त्यांनी स्वतःच उचलली.