भट्टीवरचा दुभाष्या

वाळत घातलेल्या मोहाच्या फुलांचा वास आला की मला एका गोऱ्या साहेबाबरोबर केलेली ती सायकलची फेरी आठवते. साहेबाला ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतच्या जुन्या दारूभट्ट्या पाहून त्यांची हकिगत लिहायची होती, आणि मी त्याचा दुभाष्या होतो. खाडीकाठच्या धुळीतून आम्ही सायकली हाणत होतो आणि लोक बांधावर उभे राहून ही बिनबैलाची गाडी बघत होते. तिसऱ्या दिवशी कल्याणच्या पुढे एका भट्टीवर पोचलो. तिथला ठेकेदार मला ओळखत नव्हता, पण मी त्याला ओळखत होतो. त्याच्याच चुगलीवरून सरकारने माझ्या वडिलांची भट्टी फोडली होती, आणि तुरुंगातून परतलेले वडील पुन्हा अंथरुणातून उठले नव्हते. तांब्याच्या हंड्याखाली जाळ धडधडत होता, आंबलेल्या फुलांच्या वाफेने डोळे चुरचुरत होते. ठेकेदाराने साहेबाच्या हातात पेला दिला आणि मला डोळा घालून म्हणाला, “याला काय कळतंय रे? निम्मा माल आम्ही सरकारचा कर चुकवून मागच्या दाराने काढतो. तू आपला सांग, लई जुनी भट्टी आहे म्हणून.” मी त्याचा शब्द न् शब्द साहेबाला इंग्रजीत सांगितला. साहेबाने पेला खाली ठेवला. ठेकेदाराचा चेहरा उतरला. “काय सांगितलंस रे त्याला?” “तुम्ही म्हणालात तेच,” मी म्हणालो आणि वडिलांचं नाव सांगितलं. साहेबाचं पत्र कलेक्टराकडे गेलं आणि महिन्याभरात त्या भट्टीला कुलूप लागलं. आता माझे केस पिकलेत. देवापुढे कितीतरी चुकांची माफी मागतो, पण त्या दुपारची अजून मागितलेली नाही.