कोरडे कूलर, हिरवी गल्ली

वाडीतल्या आमच्या गल्लीत एक बातमी पक्की होती: सिंधूताई भर दुपारी लोकांच्या कूलरमधलं पाणी चोरते. बळीरामकाकांनी तर डोळ्यांनी पाहिलं होतं. "सांगतो नं मी, हात कोपरापर्यंत टाकीत! अन् वरून माह्याकडं पाहून हासली!" हे सांगताना काका दर वाक्याला लुंगी वर ओढतात. गल्लीतल्या सगळ्यांच्या आवाजांच्या नकला मी करते; हीसुद्धा मला येते.

हात टाकीत होता, हे खरं. पण हातात फूटपट्टी होती.

सिंधूताई कूलरच्या जाळ्यांत नवी खस भरून देते. बावन्न वर्षांची, काडीसारखी. आवाज मात्र ट्रकचा हॉर्न झाकेल असा. एप्रिलमध्ये तिच्याकडे सुशील आला. तो याच गल्लीतला; बारावीचा अभ्यास त्यानं तिच्याच कूलरपुढे बसून केला. आता तो शहराच्या उन्हाळ्याचा धोका नकाशावर दाखवणाऱ्या कंपनीत साहेब आहे. नकाशात गल्ली लाल आली, तर रोज दुपारी टँकर मिळणार होता. "मावशी, तुझ्याइतकी घरं कोणाला माहीत?" म्हणाला आणि फॉर्म देऊन गेला. फॉर्मवर प्रश्न एकच: घरी कूलर आहे का?

"कूलर तं हाये," सिंधूताई मला म्हणाली, "पाणी हाये का, हे काहून नाई इचारत हा?"

गेल्या वर्षी पाऊस हुकला होता. बोअर मार्चमध्येच आटली, नळ दिवसाआड. कोरडा कूलर म्हणजे चव्वेचाळीस अंशांची झळ पंखा लावून घरात ओढायची. म्हणून तिनं फॉर्मवर हातानं दुसरा रकाना आखला, 'पाणी', आणि बारा दिवस, दुपारी एकच्या ठोक्याला, टाक्यांत पट्टी बुडवत फिरली. घरं एकेचाळीस. कूलर अडतीस. त्यातले एकोणतीस ठणठणीत कोरडे. चोरायला पाणी होतंच कुठे!

मेमध्ये नकाशा आला. आमची गल्ली हिरवीगार.

सुशील आला तेव्हा मी तिथेच होते. वाक्याआधी घसा खाकरायची त्याला सवय आहे. "अंहं... मावशी, अडतीस घरी कूलर म्हणजे गल्ली सुरक्षित. पाणी वेगळ्या विभागाकडे येतं. तो रकाना मी काढला."

"तू काढला?"

"अंहं... फॉरमॅटमध्ये बसत नव्हता."

"ऊन अन् कोरड एकाच दारातून येते गा माह्या घरात. तू त्यायले दोन ऑफिसात पाठवून राहिला?" तिचा आवाज एकदम खाली आला. इतका खाली मी कधी ऐकला नव्हता. "ज्याच्यापुढं बसून शिकला, त्या कूलरले तरी इचारायचं होतं."

मग तिनं त्याला आपल्या खोलीत बसवलं, कोरडा कूलर चालू केला. "दहाच मिनिटं बस."

आम्ही दोघी बाहेर सावलीत. "ताई, बाहेर आला की नकाशा बदलतो बघ," मी म्हटलं.

"नाई बदलत."

"लावतेस शर्त?"

"लाव. हारली तं एकेचाळीस घरी जाऊन तूच सांगायचं, टँकर येत नाई म्हणून. अन् पोरी, सोताच्या आवाजात वं."

सुशील बाहेर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा भाजल्यासारखा. तिनं माठातलं उरलंसुरलं पाणी तांब्यात ओतून दिलं. तो घटाघटा सगळं प्याला.

"अंहं... मावशी, पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये बघू."

मी हरले. सांगायचं वाक्य तीनच शब्दांचं होतं. तरी एकेचाळीस दारं वाजवायला मला दोन दिवस लागले.