चाळीस मिनिटांचा आवाज

"सीनू, हा कां बोलत न्हा?"

सेतुराम काकांनी की-बोर्डवर बोटं ठेवून विचारलं. मी त्यांच्या कॉम्प्युटरला नवी डिस्क बसवून विंडोज पुन्हा टाकलं होतं. मशीन झकास पळत होतं, फक्त मुकं होतं.

काकांना दिसत नाही. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, आता तमिळ मुलखातल्या पापनाशमला एकटेच राहतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर आहे, म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. सकाळी दोन वर्तमानपत्रं, दुपारी पुस्तक, मग कॅनडातल्या मुलीला पत्र. त्यांचा दिवस या आवाजावर चालतो. फोनही बोलका आहे, पण तो मेल आणि मेसेजपुरता. त्यावर पुस्तक ऐकलं की डोकं उठतं, म्हणतात.

मी स्क्रीन रीडर पुन्हा टाकला, लायसन्सचा नंबर भरला. मेसेज आला: अ‍ॅक्टिव्हेशनची मर्यादा संपली.

हे काय प्रकरण ते सांगतो. असं सॉफ्टवेअर एका लायसन्सवर ठरावीक वेळाच चालू करता येतं. काकांचं तीनदा. फॉरमॅट मारण्याआधी जुन्या ठिकाणी डीअ‍ॅक्टिव्हेट केलं, तर ती जागा परत मिळते. तसं न करता डिस्क पुसली, तर कंपनीच्या लेखी जुनं इन्स्टॉलेशन अजून चालूच असतं. गेल्या काही वर्षांत मी काकांचं मशीन दोनदा फॉरमॅट केलं होतं, हे तिसरं. तिन्ही वेळा डीअ‍ॅक्टिव्हेट करायला विसरलो. दक्षिण वीथीत माझं दुरुस्तीचं दुकान तीस वर्षांचं आहे. शिकाऊ पोरानं ही चूक केली असती, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

लायसन्स नसलं तरी हा स्क्रीन रीडर चालतो, पण चाळीस मिनिटंच. मग गप्प होतो. मशीन रीस्टार्ट केलं की पुन्हा चाळीस मिनिटं.

"फुकटातले दुसरे मिळतात, काका. टाकू का?"

"नक्को. बारा वर्षं हाच आवाज कानात हाय. दुसरा सांगट्लं तर मज उमजणार न्हा."

मी तिथूनच कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी शांत होती.

"सर, तिन्ही अ‍ॅक्टिव्हेशन वापरून झालीयत. तीन कॉम्प्युटर आहेत का?"

"एकच आहे. मी तीनदा फॉरमॅट केला."

"डीअ‍ॅक्टिव्हेट न करता?"

"न करता."

तिनं बिलाची प्रत आणि काकांच्या सहीचं पत्र मागितलं. उत्तर मेलवर येईल, थोडे दिवस लागतील म्हणाली. काकांचा मेल त्यांच्याकडे होताच, मी माझाही दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून मी बसनं पापनाशम गाठलं. रीस्टार्ट करायला येतो म्हणून सांगितलं होतं. खरं तर बटण दाबायला माणूस लागत नाही. काकांना बटण कुठे आहे ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

माझी बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगा बेंगळुरूला, त्याच्याशी तमिळ आणि इंग्रजी. दुकानात दिवसभर तमिळ. आमची घरातली मराठी मी चार वर्षांत बोललो असेन ती देवापुढे, नाहीतर रागावल्यावर स्वतःशीच. काकांकडे आवाज बंद पडायचा आणि आमचं बोलणं सुरू व्हायचं. काय बोलायचो? डांगर पच्चडीत, म्हणजे उडदाच्या पिठाच्या दह्यातल्या कोशिंबिरीत, मोहरीची फोडणी आधी की कांदा आधी. कोणाच्या लग्नात कोण रुसलं. माझी बायको कॉफीचं डिकाशन किती कडक करायची. पहिल्या दिवशी मी अर्ध्या मिनिटात रीस्टार्ट केलं. चौथ्या दिवशी मशीन तासभर गप्प होतं आणि दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सोमवारी सकाळी दुकानात मेल आला. एक जादा अ‍ॅक्टिव्हेशन मंजूर झालं होतं. दहा मिनिटांचं काम.

दुपारी मी पापनाशमला गेलो. काकांनी विचारलं, "आलं कां?"

"अझून न्हा," मी म्हणालो.

मंगळवारी तेच, बुधवारी तेच. बसमध्ये बसलो की स्वतःची लाज वाटायची. उतरलो की पावलं भराभर पडायची.

गुरुवारी आवाज मुलीचं पत्र वाचत होता. मोठं पत्र होतं. "बाबा, डॉक्टर म्हणाले की" इथे तो थांबला. काका बोट की-बोर्डवर तसंच ठेवून बसले. मला म्हणाले नाहीत, चालू कर. मला तिथे बसवेना. मी उठलो, नंबर भरला, अ‍ॅक्टिव्हेट केलं. आवाजानं पत्र पुन्हा पहिल्यापासून पूर्ण वाचलं. नातवाला साधा ताप होता.

"काका, मेल आज आला," मी म्हणालो.

"सोमवारी आला की. फोननं वाचट्लं मज."

"मग बोलला नाहीत?"

"तू बोललास कां?"

मी बॅग आवरली. दारापर्यंत काका सोबत आले, चौकटीला हात लावून उभे राहिले.

"सीनू, उद्या काय कारण काढशील?"

येतो म्हणालो आणि बस पकडली.

या गोष्टीला तीन आठवडे झाले. तुमच्याकडे लायसन्सचं सॉफ्टवेअर असेल, तर फॉरमॅटआधी डीअ‍ॅक्टिव्हेट करा, विसरू नका. मी आता दुकानात भिंतीवर लिहूनच ठेवलंय. काकांचं मशीन उत्तम चालतंय, तक्रारीचा फोन आलेला नाही. दुपारी दुकान बंद करतो आणि आतच बसून राहतो. कुणाचं काही बिघडलेलं नसतानाही त्याच्या घरी जायचं असतं, हे तीस वर्षांत मी शिकलोच नाही.