चाळणीबाई आणि वायरनेस्ट

आमच्या इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे चाळणीबाई म्हणतात, अगदी तोंडावरही. नवा शब्द कोशात घ्यायचा की नाही, याची पहिली छाननी त्यांची. अट साधी: एकमेकांना न ओळखणाऱ्या बऱ्याच माणसांनी तो निरनिराळ्या ठिकाणी, अर्थ न सांगता वापरलेला हवा. लिहिणाऱ्याला अर्थ फोडून सांगावा लागला, की बाई म्हणणार, "अजून कच्चा आहे. पिकू दे."

शब्द शोधणारी संगणकप्रणाली मी सांभाळतो. माझं टेबल त्यांच्या शेजारीच. बाईंचा जीव एका शब्दावर होता: 'वायरनेस्ट'. खणात जुन्या चार्जरच्या वायरींचा होतो, तो गुंता. कित्येक वर्षं त्या त्याच्या मागावर होत्या.

नव्या आवृत्तीच्या बैठकीआधी महिनाभर माझ्या पडद्यावर त्या शब्दाचा आलेख एकदम उसळला.

"घ्या बाई, तुमचं बाळ धावायला लागलं!" संपादक खूश.

बाई मात्र एका फोटोकडे बघत राहिल्या. दुकानाचा काउंटर, वर इंग्रजीत पाटी: 'वायरनेस्ट सोडवून मिळेल.'

"हे आमच्या ह्यांचं दुकान."

यजमान मोबाईल दुरुस्त करतात. बायकोच्या तोंडून ऐकलेल्या शब्दाची त्यांनी कौतुकाने पाटी लावली, गिऱ्हाइकांनी फोटो पसरवले आणि शब्द फोफावला. आम्ही तडक दुकानात गेलो.

"अगं, मदतच केली ना तुला!"

"मदत कसली, भेसळ आहे ही! पाटी काढा. आणि घरातसुद्धा तो शब्द काढायचा नाही."

"मग खणातल्या त्या... त्याला म्हणू काय?"

"काही म्हणू नका. सोडवा."

संपादकांनी समजावलं, "पाटी कोणाची, कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

पाटीनंतरचं सगळं त्यांनी माझ्याकडून बाद करून घेतलं. आलेख आडवा झाला.

"मग यंदा विसरा," संपादक म्हणाले. "पुढची आवृत्ती निघेल तेव्हा तुम्ही निवृत्त असाल."

"बैठकीला वेळ आहे अजून."

आता पाटीआधीचं, माझ्या प्रणालीत न आलेलं, म्हणजे कागदावरचंच शोधायचं होतं. बाईंनी कंबर कसली. वाचनालयाच्या तळघरात शाळांची मासिकं, यंत्रांची माहितीपत्रकं, घरमालकांच्या सूचना. शिंकून शिंकून माझं नाक लाल, बाई ढिम्म.

"तुझ्या यंत्राला शिंक येत नाही हे खरं, पण त्याला तळघरही दिसत नाही."

इथे एक, तिथे एक असं सापडत गेलं. शेवटी अग्निशमन दलाचं जुनं इंग्रजी पत्रक हाती लागलं: 'पलंगामागचं वायरनेस्ट आधी काढा.' पुढे अर्थबिर्थ काही नाही.

बाईंनी ते पुन्हा वाचलं. "आग विझवणाऱ्यांनाही समजावून सांगावंसं वाटलं नाही. पिकला."

बैठकीत संपादकांनी भरपूर उलटतपासणी केली, पत्रक उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "घ्या."

संध्याकाळी आम्ही दुकानात शिरलो. यजमान ओठ मिटून वायरी सोडवत बसले होते.

"अहो, म्हणा आता!"

त्यांनी मानही वर केली नाही. "आधी छापून येऊ दे. पुन्हा भेसळ नको."