नलूताईंचा देवमाशांचा कागद

सकाळी सुनेचा डबा भरत होते, तवा फोन आला. नलूताईंच्या खालच्या मजल्यावरच्या काकू. म्हणाल्या, "शेवंताबाई, आज पोळ्यांना येऊ नका." मी म्हणलं, का, गावाला गेल्या का ताई? तर म्हणाल्या, "ताई पहाटे गेल्या." ... बास, एवढंच. मी डबा भरून सुनेच्या हातात दिला. ती कामावर गेली, मंग खाली बसले.

दीड महिना झाला त्याला. नात म्हणली, आज्जी तू सांग, मी लिहिते, पेपरात देऊ. मला सहीपुरतं येतं. ती सही बी नलूताईंनीच शिकवली.

सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या, लग्न केलं नाय. मी येरवड्याहून दोन बसा बदलून एकवीस वर्षं त्यांच्याकडं पोळ्या केल्या. पहिल्याच दिवशी माझी पोळी हातात धरून म्हणाल्या, "नकाशा छान जमलाय. कुठला देश?" बोलणं असं तिखट, पण मला कधी अगंतुगं केलं नाय.

त्यांच्या टेबलावर कायम देवमाशांचे कागद. बोटीतून बॉम्ब लावलेला भाला मारतेत म्हणं त्याला, आन् मांस विकतेत. साऱ्या जगानं मिळून धंद्यासाठी मारायला बंदी घातली, तरी काही देश ऐकत नायत. ताई त्या देशांना पत्रं लिहायच्या, खाली लोकांच्या सह्या घ्यायच्या. मी एकदा म्हणलं, "ताई, पुण्याला कुठं समुद्र हाय?" तर म्हणाल्या, "पुण्यात नसलेल्या गोष्टींवरच पुणेकर जास्त बोलतात."

एक दिवस मी कणीक मळत होते. त्या सांगायला लागल्या, "तो मासा नव्हेच, शेवंताबाई. पिल्लाला दूध पाजतो. पूर्वी शिकारी आधी पिल्लाला भाला मारायचे. आई पिल्लाला सोडून जात नाही, मग ती आयतीच सापडते."

माझे हात कणकीतच राहिले ... गाव सोडून पुण्यात आलो तवा मी बिल्डिंगीवर बिगारी होते. पहिली पोरगी सात महिन्यांची, झोळीत तापानं फणफणलेली. त्या दिवशी स्लॅब ओतायचा होता. स्लॅबच्या दिवशी बाईला रांग सोडता येत नाय, एक हात कमी झाला की माल वाळतो. मुकादम म्हणला, गेलीस तर परत येऊ नको. मी घमेली देत राहिले. सांजच्याला झोळीपाशी गेले तर पोरगी गार होती. हे मी कुणाला सांगलं नव्हतं. ताईंना बी सांगलं नाय. एवढंच म्हणलं, "आणा तो कागद. वस्तीतल्या सह्या मी आणते."

चार दिवसांत चाळीस बायांच्या सह्या आन् अंगठे नेऊन दिले. ताईंनी चष्मा लावून एकेक नाव वाचलं. "शाळेत दहा वर्षं गेलेल्यांकडून मला दहा मिळत नाहीत," म्हणाल्या, आन् त्या दिवशी चहा त्यांनी केला.

पण मी खोटं बोलले होते. आमच्या वस्तीत कागद फिरला की तो नळाचा नाहीतर संडासाचा. देवमासा म्हणलं असतं तर बाया हसल्या असत्या. म्हणून मी सांगलं, नळाचा अर्ज हाय. कुणी काही विचारलं नाय, सगळ्यांनी केल्या.

पंधरा दिवसांनी आमच्या वस्तीतली हिराबाई पत्ता शोधत थेट ताईंच्या दारात. "बाई, नळ कवा येणार ओ? सही करून किती दिस झाले!"

ताईंनी तिला आत बसवलं, पाणी दिलं, कागद कशाचा ते सांगून माफी मागितली. त्यांनी! ती गेल्यावर लाल पेन घेतलं आन् पट्टी लावून चाळीसच्या चाळीस नावं खोडली. ओरडल्या नाय. म्हणाल्या, "शेवंताबाई, देवमाशाचं मांस विकायचं असताना अभ्यासासाठी मारतो, असं सांगणारे लोक आहेत जगात. त्यांच्याशी भांडताना मी तुमचं खोटं पुढे करू?"

मी दुसऱ्या दिवशी कामाला गेले नाय. दारोदार गेले. म्हणलं, नळ येणार नाय, मी फसवलं तुम्हाला. शिव्या खाल्ल्या. एक म्हणली, "म्हातारपणी चळ लागला का? हितं हंडा भरंना आन् हिला माशाचं पडलंय!" मंग मी पहिल्यांदा माझ्या पोरीचं सांगलं, झोळीचं, आन् त्या देवमाशाच्या आईचं. नऊ जणींनी सही केली. त्यात हिराबाई एक.

ताईंनी ती नऊ नावं वाचली, खालची माझी सही बी बघितली. म्हणाल्या, "तुमच्या सहीतला 'व' अजून पडतोय, त्याला सरळ उभा करा." माफ केलं का, ते बोलल्या नाय. मला बी विचारायचा धीर झाला नाय. त्यांच्या जुन्या शाळेतल्या आणखी सह्या येऊ देत, मंग पाठवू म्हणाल्या ... तेवढ्यात गेल्याच.

ताईंचा भाचा पुस्तकं रद्दीत द्यायला लागला, तवा ताईंनी पत्ता घालून ठेवलेलं सह्यांचं पाकीट मी मागून घेतलं आन् पोस्टात टाकलं. पोचलं का, कुणी उघडलं का, काय कळलं नाय. रात्रंदिवस तेच डोक्यात.

परवा टँकरच्या रांगेत हिराबाईनं धरलं. "काय गं, वाचले का तुझे मासे?"

वाचले म्हणलं असतं तर बाई खूश होऊन पाण्याला लागली असती. कोण बघायला जातंय समुद्रावर?

म्हणलं, "नाय. अजून मारतेत."

"मंग आमच्या सह्यांचा काय उपयोग झाला?"

"ते बी माहीत नाय."

मंग म्हणली, "बरं झालं खरं बोललीस. पुढला कागद लिहिशील तवा मला बोलव," आन् हंडा पुढं सरकवला.

कागद लिहिणारी कुठं हाय आता ... पण मी तिला हो म्हणून बसलेय.