दुपारी गेलो म्हणून चुकलेला तक्ता

ज्याला कुणी कामच दिलं नाही, त्यानं कामाचा अनुभव आणायचा कुठून?

आमच्या अकलोली गावाहून भिवंडीची एसटी पकडली, तेव्हा संख्याशास्त्राची पदवी पत्र्याच्या पेटीत होती. गाडी हलेपर्यंत बाबा खिडकीचा गज धरून उभे. म्हणाले, "आकडं शिकलास, ब्येस हाय. पन मानसं बी वळख." मला घाई होती. नुसती मान हलवली.

भिवंडीत प्रत्येक कचेरीत तोच सवाल : अनुभव? शेवटी कामगारांची पाहणी करणाऱ्या एका कचेरीतले साहेब म्हणाले, "स्वतः गोळा केलेल्या माहितीचा तक्ता आणा. शुक्रवारी बघू."

मी आमच्या गल्लीतल्या, कापडाच्या लूमवर राबणाऱ्या कामगारांच्या खोल्या पालथ्या घातल्या. नाव, वय, शिफ्ट, ड्युटीचे तास. बेरजा दोनदा तपासल्या आणि निष्कर्ष लिहिला : इथले जवळजवळ सगळे रात्रपाळीत पिळले जातात! त्यावर सायक्लोस्टाइल पत्रक काढायचं, हेही ठरवून टाकलं.

गुरुवारी सकाळी माझ्या खोलीतला रफिकभाई रात्रपाळी संपवून लूमवरून आला. आमची गादी एकच. रात्री मी, दिवसा तो. तक्ता बघून तो हसतच सुटला.

"वा बाबू! गया कब था?"

"दुपारी."

"तो दिनवाले लूम पे थे ना! सोनेवालों को गिन के आया, और बोलता है सब रात के हैं. अपनी खोली में भी मुझे गिना, खुद को भूल गया!"

त्या संध्याकाळी पुन्हा दारं ठोठावली. निम्म्याच खोल्या झाल्या. पहिला तक्ता पूर्ण होता, सुबक होता आणि खोटा होता. साहेबांना कळलंही नसतं. तरी शुक्रवारी मी दुसरा, अर्धवटच नेला. वर लिहिलं, आधी कुठं चुकलो.

"पूर्ण का नाही?" साहेबांनी विचारलं.

"पूर्ण होता तो खोटा होता, साहेब."

त्यांनी कागद ठेवून घेतला. तीन महिन्यांची हंगामी नेमणूक मिळाली. पुढचं ठाऊक नाही.

अकलोलीत मी आता पाहुणा, इथं अर्ध्या गादीचा भाडेकरू. कुठंच बूड टेकत नाही. पण घर म्हणजे काय, एवढं कळलंय : दारात नसलेल्या माणसालाही जिथं मोजतात, ते.

म्हणून गावातल्या शिकलेल्या पोरांनो, पोरींनो, अनुभव कुणी देईल याची वाट बघू नका. वही घ्या, दारोदार जा. घरात कोण आहे एवढ्यावर थांबू नका. कामाला बाहेर कोण गेलंय, तेही विचारा. कागद मला पाठवा, तक्ता मिळून करू. आणि आमच्या दारी गेलात, तर बाबांना विचारून माझंही नाव लिहा.